म्हसा जत्रेतला घोड्याचा पडदा

मित्रांनो, मी एक जुना पडदा आहे. खिडकीला लावतात तसला नाही आणि नाटकात वर-खाली होतो तसलाही नाही. जत्रेत फोटोवाल्याचा तंबू असतो, त्यात माणसांच्या पाठीमागे चित्राचा जो पडदा टांगतात, तो मी. आजवर लोक माझ्याकडे पाठ करूनच उभे राहिले. त्यामुळे पुढे येऊन बोलायचं म्हटलं की मला संकोच वाटतो. माझं सांगणं तुम्हाला कंटाळवाणं वाटेल, मधेच तुम्ही उठून जाल, अशी भीतीही वाटते. तरी सांगतो. सांगितलं नाही तर हे कुणाला कळणारच नाही, कारण ज्यांच्याबद्दल सांगायचं आहे ती माणसं स्वतःहून बोलणारी नाहीत.

माझं कापड मुरबाडच्या बाजारातलं. जाडसर मांजरपाटाचे पट्टे एकाला एक शिवून मला भिंतीएवढं केलं. मग सरस आणि खडूची पूड गरम पाण्यात कालवून माझ्यावर अस्तर चढवलं. अस्तर वाळलं की कापड ताठ होतं आणि रंग आत जिरून जात नाही. हे सगळं केलं महादू पेंटरने. तेव्हा तो तरुण होता. अंगाने काटकुळा, कानावर पेन्सिल, आणि बोलणं इतकं हळू की समोरच्याला दोनदा विचारावं लागे.

दुकानांच्या पाट्या, ट्रकचे फाळके, शाळेच्या भिंती, दिवाळीच्या पाडव्याला बैलांची शिंगं, मिळेल ते महादू रंगवायचा. पण त्याला एक खोड होती. हातभर जागा शिल्लक राहिली की तो तिथे घोडा काढायचा. किराणा दुकानाच्या पाटीच्या कोपऱ्यात घोडा. पिठाच्या गिरणीच्या दारावर घोडा. एकदा एका ट्रकवाल्याने फाळक्यावर वाघ काढून मागितला. महादूने वाघ काढला, पण त्याचे डोळे इतके गरीब आणि पाणीदार झाले की ट्रकवाला म्हणाला, "पेंटर, हा वाघ हाय का घोड्याला वाघाचं कातडं पांघरलंस?"

मला रंगवायचं काम त्याला साईनाथशेठने दिलं. साईनाथशेठ मुरबाडचा फोटोवाला. दर हिवाळ्यात म्हसाच्या जत्रेत त्याचा तंबू लागे. त्याला काश्मीर हवं होतं. मागे बर्फाचे डोंगर, पुढे तळं, तळ्यात हंस आणि काठाला संगमरवरी पायऱ्या.

"काश्मीर मी बघितलं नाय, शेठ," महादू म्हणाला.

"मी तरी कुठं बघितलंय? क्यालेंडर बघ आन् काढ. एक ध्यानात ठेव, मधी काय काढायचं नाय. मधी गिऱ्हाईक उभं ऱ्हातं."

पडदे रंगवणाऱ्यांचा हा पहिला नियम आहे, मित्रांनो. सगळी शोभा कडेने असते. मधे नुसती फिकट, धुकट जागा ठेवतात. त्या जागेवर माणूस उभा राहिला म्हणजे चित्र पुरं होतं.

महादूने कॅलेंडर समोर टांगलं. निळा रंग कालवला, आकाश भरलं. मग डोंगर काढायला घेतला, पण बर्फाचा डोंगर काही हाताला येईना. हात आपोआप वळला आणि आपल्याकडचा काळा, सपाट माथ्याचा डोंगर उमटला. डोंगर आपला आला तसं त्याखालचं रानही आपलंच आलं. मग भातखाचरं आली, नदी आली, नदीकाठची आळी आली. कॅलेंडर वाऱ्याने भिंतीवर आपटत राहिलं. महादूने त्याकडे पुन्हा पाहिलं नाही.

रंगवताना तो स्वतःशी पुटपुटायचा. ते सगळं माझ्यात मुरलं, म्हणून मला ठाऊक आहे. ते गाव त्याचं होतं. शहापूर तालुक्यात, डोंगराच्या पोटात. महादू लहान असताना तिथे धरण झालं आणि गाव पाण्याखाली गेलं. माणसं पांगली. कुणी डोळखांबच्या बाजूला गेलं, कुणी शहापूरजवळ, कुणी मुरबाडच्या वाटेला. गावात बारकू नावाचा एक शेतकरी होता. त्याच्याकडे चांद्या नावाचं तट्टू होतं. कपाळावर पांढरा चांद, म्हणून चांद्या. त्याच्या पाठीवर बारकू नाचणीची पोती घालून बाजाराला जाई आणि येताना मीठ, सुकट घेऊन येई. लहानगा महादू सकाळी तोंड न धुता बारकूच्या घरापाशी जाऊन चांद्याकडे बघत बसे. चांद्या मागचा एक पाय सैल सोडून डुलक्या घ्यायचा. महादूने चुलीतला कोळसा आणून त्याच घराच्या कुडाच्या भिंतीवर पहिला घोडा काढला. बारकूची बायको झाडू घेऊन धावली, तेव्हा बारकू म्हणाला, "ऱ्हाऊ दे. एक तट्टू पोसतोय, ह्याला तर दाणाबी लागत नाय."

गाव उठलं त्या हिवाळ्यात बारकूने चांद्याला म्हसाच्या बाजारात विकलं. नव्या जागी माणसांनाच धड आसरा नव्हता, तट्टू कुठे ठेवणार? घाटावरच्या एका व्यापाऱ्याने त्याला नेलं.

तो चांद्या महादूने माझ्या डाव्या अंगाला काढला. काढताना मात्र तो उंच झाला, पांढराशुभ्र झाला, त्याची मान कमानीसारखी झाली. मागचा एक पाय तेवढा सैल राहिला. त्याच्या गळ्यातला दोर मधल्या मोकळ्या जागेपर्यंत आणून सोडला, म्हणजे पुढे उभ्या राहिलेल्या पोराने नुसती मूठ वळली तरी फोटोत वाटावं, घोडा त्यानेच धरलाय.

साईनाथशेठ आला आणि माझ्याकडे बघतच राहिला.

"पेंटर, ह्यात काश्मीर कुठं हाय?"

"मागं डोंगर हाय की, शेठ."

"अरे, हा डोंगर तर माझ्या खिडकीतनं दिसतो! ह्याच्यापुढं उभं ऱ्हायला कोण येणार? बाहेर जाऊन उभं ऱ्हायलं तरी हेच." तो बराच वेळ बडबडला. पण जत्रा तोंडावर होती, दुसरा पडदा करायला सवड नव्हती. मला तसाच गुंडाळून टेम्पोत टाकलं.

ती माझी पहिली जत्रा; मला टांगायला महादूही आला होता, आणि पुढे दरवर्षी येत राहिला. म्हसाची जत्रा म्हणजे काय सांगू! एकीकडे बैलांचा बाजार, एकीकडे घोंगड्यांची दुकानं, पाळणे, भज्यांचा वास, आणि सगळ्यावर पसरलेली थंडीतली बारीक धूळ. तंबूत पहिलंच गिऱ्हाईक म्हणून एक रडकं पोर आलं. घोडा बघून त्याचं रडणं थांबलं. त्याने दोरापाशी मूठ वळली आणि फोटो निघाला. मग पोरांची रीघच लागली. साईनाथशेठ महादूच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "मी म्हनलंच व्हतं, घोडा चालंल."

दुपारी एक म्हातारा आला. फोटो राहिला बाजूला, तो माझ्या अगदी जवळ येऊन बोटाने चाचपू लागला. "ही धाकटी आळी," तो म्हणाला. "ही विहीर. हा शिरप्याचा मोडका गोठा. ए, कुणी काढला रे हा?" तो बाहेर गेला आणि चार जणांना घेऊन आला. त्या चौघांनी आणखी माणसं आणली. पांगलेलं गाव त्या दिवशी साईनाथशेठच्या तंबूत गोळा झालं. जो तो आपल्या घराजवळ उभा राहून फोटो काढायला मागू लागला. साईनाथशेठ ओरडत होता, "अरे मधी ऱ्हावा, मधी! कडंला गेलात तर अर्धं आंग कापतंय!" पण अर्धं अंग कापलेले फोटोही लोकांनी हौसेने नेले. त्यानंतर दरवर्षी त्या गावची माणसं एकमेकांना सांगत, "जत्रेत पडद्यापाशी भेटू." माझ्यासारख्या पाठीमागच्याला एवढा मान मिळाला, हे अजूनही मला खरं वाटत नाही.

एक बाई मात्र फोटो न काढता गेली. ती बारकूची मुलगी, गोजर. गाव उठलं तेव्हा ती परकरी पोर होती. पुढच्याच साली डोळखांबकडे तिचं लग्न झालं होतं. कडेवर पोर घेऊन ती माझ्यापुढे उभी राहिली आणि डोळ्यांनी सगळं गाव धुंडाळू लागली. मग म्हणाली, "महादू, आळी काढलीस, विहीर काढलीस, शिरप्याचा गोठासुदा काढलास. आन् आमचं घर?"

महादू चटकन उठून उभा राहिला. "गोजरबाय, तुमचं घर नेमकं मधी येत व्हतं. मधली जागा मोकळी ठेवावी लागते. तिथं गिऱ्हाईक उभं ऱ्हातं."

"म्हंजे माझ्या बापाच्या घरात तू गिऱ्हाईक उभं केलंस?"

"तसं नाय गो..."

"आन् हा कोण? हा चांद्या? आमचा चांद्या ठेंगणा व्हता, तांबडा व्हता, पोट सुटलेला. ह्यो तर राजाचा घोडा. आन् बांधलास कशाला? वाऱ्याला?"

रांगेतली माणसं हसली. महादूचे कान लाल झाले.

साईनाथशेठ म्हणाला, "बाय, फोटो काढायचाय का नाय? मागं लाइन लागलीय."

"माझं घर येल तवा काढीन," गोजर म्हणाली आणि निघून गेली.

सासरी गेलेल्या बाईला माहेर असतं. भांडण झालं, दुखलंखुपलं, सणवार आला, की चार दिवस जायला एक दार असतं. गोजरचं दार पाण्याखाली होतं. आणि ज्या एका जागी ते पुन्हा दिसलं असतं, तिथेही महादूने मोकळं सोडलं होतं. दरवर्षी ती जत्रेत येई, तंबूच्या दाराशी उभी राहून माझ्याकडे बघे आणि फोटो न काढता जाई. महादू तिची वाट बघे आणि ती आली की रंगांच्या पेटीत काहीतरी शोधत बसे. दोघांत पुढे एक शब्द झाला नाही. मला वाटे, आपण ओरडून काहीतरी बोलावं. पण पडद्याला कुठला आवाज?

पुढे दिवस पालटले. लोकांच्या हातात मोबाइल आले. जो तो स्वतःच स्वतःचे फोटो काढू लागला. एका जत्रेत दिवसभर माझ्यापुढे फक्त एक कुत्रं येऊन बसलं. पुढच्या वर्षी साईनाथशेठने तंबू लावलाच नाही. मला स्टुडिओच्या माळ्यावर टाकलं. तिथे उंदरांनी माझी एक कड कुरतडली. पावसाळ्यात पत्र्यातून थेंब पडून आकाशाला डाग पडले. डोळखांबच्या वाटेला, भाताच्या खळ्यावर, पांगलेल्या माणसांच्या बोलण्यात जे गाव अजून थोडं थोडं शिल्लक होतं, ते माझ्या अंगावर मात्र अंधारात गुंडाळलेलं पडलं होतं. जत्रेचे दिवस आले की मला थंडीवरून कळायचं. आज कुणी दाराशी येऊन उभं राहिलं असेल का, असं मनात यायचं.

गेल्या वर्षी साईनाथशेठच्या मुलीने, वैष्णवीने, मला खाली काढलं. स्टुडिओ आता तीच चालवते. लग्न ठरलेली जोडपी तिच्याकडे प्री-वेडिंगचे फोटो काढायला येतात, आणि हल्ली त्यांना जुन्या जत्रेसारखा पडदा हवा असतो म्हणे. मला स्टुडिओमागच्या अंगणात टांगलं आणि महादूला बोलावणं गेलं.

महादू आला. केस पांढरे, डोळ्यांवर जाड चष्मा, हाताला बारीक कंप. त्याने माझ्यावरून तळहात फिरवला.

"काका, भेगा बुजवा, आकाश नीट करा," वैष्णवी म्हणाली. "पण मधे काही काढू नका हां. बुकिंग घेतलंय मी."

"मधी मी कधी काय काढलंय?" महादू म्हणाला.

दाराशी खुर्ची टाकून बसलेला म्हातारा साईनाथशेठ खोकत हसला. "त्याला सांगू नकोस पोरी. सांगितलं की तो उलटंच काढतो. मी काश्मीर सांगितलं व्हतं."

पहिलं बुकिंग भाविका नावाच्या मुलीचं होतं. ती पडदा बघायला आली, तेव्हा तिच्याबरोबर तिची आजी होती. आजीने अंगणात पाऊल टाकलं आणि थबकली. ती गोजर होती. आता पाठीत वाकलेली, पण नजर तीच.

बराच वेळ ती माझ्याकडे बघत राहिली. मग महादूकडे न बघता म्हणाली, "अजून वाऱ्यालाच बांधलाय."

महादूने ब्रश खाली ठेवला. "गोजरबाय, आता माझा हात ऱ्हायला नाय. पुढच्या साली डोळाबी ऱ्हाईल का सांगता येत नाय. तुमचं घर काढून टाकतो."

"काका!" वैष्णवी पुढे आली. "मधे घर काढलं तर जोडपं कुठे उभं करू? माझं काम बुडेल."

"आधी खडूनं काढतो. पुसता येतं."

भाविका म्हणाली, "ताई, माझंच बुकिंग आहे ना? काढू दे त्यांना. आजी आमच्या घरात ह्या पडद्याला इतक्या शिव्या देते, की मी मुद्दाम हाच निवडला."

महादूने खडूने घर काढलं. उतरतं छप्पर, दार, बाजूला कुडाची भिंत. गोजर शेजारच्या दगडावर बसून बघत होती.

"हे माझं घर नाय," ती म्हणाली. "हे कुणाचंबी घर हाय."

त्याने पुसलं. पुन्हा काढलं. ती पुन्हा मान हलवून नाही म्हणाली. तिसऱ्यांदा त्याने दार थोडं डावीकडे घेतलं, छप्पर खाली आणलं. मग खडू हातात तसाच धरून उभा राहिला.

"गोजरबाय, खरं सांगू? चांद्या बांधायचे ती भिंत मला तोंडपाठ हाय. तिच्यातली काटकीन् काटकी काढून देतो. पुढचं दार मला येत नाय. मी कधी त्या बाजूला आलोच नाय. मी तट्टूकडंच बघत बसायचो."

गोजरला हसू फुटलं. "आन् माझ्या आयेला वाटायचं, ह्यो पोरगा भाकरीसाठी येतो!" हसता हसता ती थांबली. "दार कसं व्हतं सांगू का तुला..." तिने डोळे मिटले. साईनाथशेठही खोकायचा थांबला. तिने डोळे उघडले तेव्हा तिचा चेहरा उतरला होता.

"मलाबी येत नाय रे," ती म्हणाली. "मी घर बाहेरनं बघितलंच नाय. मी कायम आत, नायतर ओट्यावर बसलेली. मला दिसतं ते ओट्यावरनं दिसतं. समोर विहीर. इकडं चांद्या. ते सगळं तू काढलंस तसंच हाय. घर तेवढं दिसत नाय."

मित्रांनो, इतकी वर्षं ती रागावली होती आणि इतकी वर्षं तो लाजत होता. पण ते घर दोघांपाशीही पुरतं नव्हतं. त्यांच्याशिवाय त्याची आठवण असलेलं आता कोणी उरलं नव्हतं. मला वाटलं, आता ती उठून जाईल.

महादूने हळूच विचारलं, "ओटा कसा व्हता?"

"ओटा?" ती चटकन म्हणाली. "ओटा मला ठावं हाय. ओटा मी सारवलेला हाय."

मग त्या दोघांचं काम सुरू झालं. महादूने मधलं घर ओल्या फडक्याने पुसून टाकलं आणि माझ्या तळाशी, मधल्या जागेत, ओटा काढायला घेतला. ती दगडावर बसून सांगत होती. "एवढा सरळ नको. उजव्या अंगाला खचलेला व्हता, बाबा दर साली माती भरायचा. कड गुळगुळीत कर, तिथं बसून बसून झिजलेली. अरे, एवढी नाय! आमी माणसं व्हतो, म्हशी नाय." महादू पातळ रंग लावून, मागे सरून, डोळे बारीक करून बघे. सारवणावर हाताची बोटं उमटतात तशा अर्धगोल रेघा तिला हव्या होत्या. त्याच्या कापऱ्या हाताने त्या पहिल्या झटक्यात आल्या.

दुसऱ्या दिवशी ती परत आली. तिसऱ्या दिवशीही. रंग वाळेपर्यंत दोघं चहा पीत बसत.

"तो घोडा तांबडा करू का?" महादूने विचारलं. "ठेंगणा करतो पाहिजे तर."

"ऱ्हाऊ दे. पण तू असा उंच का काढलास, ते सांग."

"मी खालनं बघायचो ना. मी एवढासा. मला तो तेवढाच दिसायचा."

गोजर घोड्याकडे नव्याने बघू लागली. मग म्हणाली, "तू अजून जत्रेत घोडे बघत फिरतोस म्हने?"

"बघतो."

"एवढी वर्सं तट्टू जगतं व्हय?"

"नाय जगत. पन बघतो."

तिने मान हलवली. "मीबी धरणाच्या पाण्याकडं बघते, एसटी तिथनं जाते तवा. पाणी उतरलं की वाटतं, आता दिसंल कायतरी." महादूने चांद्याचा चांद तेवढा पुन्हा उजळला, कारण तो डागात बुडाला होता.

वैष्णवीने ओटा बघितला आणि टाळी वाजवली. "काका, हे तर भारी झालं! पुढे स्टूल ठेवलं की जोडपं ओट्यावर बसल्यासारखं दिसेल. मधली जागाही मोकळीच राहिली."

फोटोच्या दिवशी भाविका आणि तिचा होणारा नवरा स्वरूप आधी बसले. स्वरूप शहापूरकडचा, लाजरा. गोजर त्याला म्हणाली, "नीट बस रे जावया. माझ्या बापाचा ओटा हाय, पाय आपटू नको." सगळे हसले. त्यांचे फोटो झाले. मग भाविकाने आजीचा हात धरला. "आता तू."

"माझं कशाला?"

"गोजरबाय," महादू म्हणाला, "बसा."

ती आली. पदर डोक्यावरून सारखा केला. स्टुलावर बसली, पण उजवीकडे सरकून, जिथे ओटा खचलेला होता तिथे. स्टूल जरा उंच होतं, त्यामुळे तिच्या टाचा जमिनीला टेकेनात. तिने पाय किंचित हलवले आणि हात मांडीवर ठेवले. मित्रांनो, इतकी माणसं माझ्यापुढे बसली, पण माझ्याकडे पाठ करूनही कुणी मला इतकं बघितल्यासारखं वाटलं नाही.

"आजी, जरा हसा," वैष्णवी म्हणाली.

"हसू कशाला? इथं आमी पोरं भांडायचो." आणि तेवढ्यात ती हसली. फोटो निघाला.

वैष्णवीने तो छापून तिच्या हातात दिला. गोजरने तो लांब धरला, जवळ धरला. विहीर होती, आळी होती, चांद्या एक पाय सैल सोडून उभा होता. मधे ओट्यावर ती.

स्वरूप वाकून बघत होता. त्या बिचाऱ्याला मागचं काही ठाऊक नव्हतं. तो म्हणाला, "आजी, सगळं गाव आहे, पण तुमचं घर नाही आलं ह्यात."

महादूने मान खाली घातली. गोजर फोटोवरून अंगठा फिरवत होती.

"घर हाय की मागं," ती म्हणाली. "मी पुढं बसलेय, म्हणून दिसत नाय."

महादूने ब्रश पाण्यात बुडवला आणि धुवायला घेतला. तो ब्रश सकाळीच धुतलेला होता.

मित्रांनो, माझी गोष्ट एवढीच. ती सांगण्याजोगी होती की नाही, हे मला अजून नीट ठरवता येत नाही. पण तुमच्या घरी माळ्यावर कुठे माझ्यासारखं जुनं चित्र पडलं असेल, तर ते दुमडू नका. गुंडाळून, उंदीर पोहोचणार नाहीत असं ठेवा. घडी पडली की तिथला रंग तडकतो आणि ती रेघ पुढे कितीही पुसली तरी जात नाही. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाचा फोटो काढाल तेव्हा घाई करू नका. ती बसायला वेळ लावतात, इकडे सरकतात, तिकडे सरकतात. सरकू द्या त्यांना. आपल्याला नुसतं स्टूल दिसतं, पण आपण कुठे बसतोय हे त्यांना पक्कं ठाऊक असतं.